उदक नितळ काय गढूळ?

रात्री-अपरात्री भाईंचा फोन वाजायचा. पलीकडून कुणीतरी धापा टाकत सांगायचं, "भाई, बांदांतल्यान उदक येता!" भाई अंथरुणात उठून बसायचे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "उदक नितळ काय गढूळ?"

नवख्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटे. बांध जायची वेळ आलीय आणि हे पाण्याचा रंग काय विचारतात! पण खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातजमिनीच्या, बांधाचं निम्मं शास्त्र त्या प्रश्नात आहे. मातीचा बांध कितीही चांगला घातला तरी थोडा पाझरतोच. पाझर नितळ असेल तर बांधाची माती जागच्या जागी आहे, सकाळी जाऊन बघितलं तरी चालेल. पाणी गढूळ असेल तर ते आपल्याबरोबर माती घेऊन येतंय. आत कुठेतरी बोटाएवढी नळी तयार झालीय, ती घटकेघटकेला रुंद होतेय, आणि वेळीच थांबवली नाही तर भरतीला तिथे खांड पडायची, म्हणजे बांधच फुटायचा. गढूळ म्हटलं की भाई पायांत चपला सरकवून, बॅटरी घेऊन निघत.

तिथे पोचल्यावर ते आधी एक गोष्ट थांबवायचे. भोकात गोणी कोंबणं. घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच सुचतं. पण पाणी आतून दाबानं येत असतं. एक तोंड बुजवलं की ते दोन हातांवर दुसरं फोडतं, आणि ते कुठे फुटेल ते आपल्या हातात राहत नाही. भाई त्या उमाळ्याभोवती वाळूच्या गोण्यांचं कडं रचून घेत, विहिरीच्या कठड्यासारखं. कड्यात पाणी चढत जातं. जितकं चढतं तितका आतल्या पाण्याचा जोर कमी पडतो, ओढ मंदावते आणि माती यायची थांबते. कड्यातलं पाणी नितळ दिसलं की थांबायचं, कडं आणखी उंच करायचं नाही. "उदक येवंदी, माती येवंक फावना," ते म्हणत. पाणी येऊ दे, माती येता कामा नये. गोण्या तोंडापर्यंत ठासून भरू देत नसत, अर्ध्याहून थोड्या जास्त भरायच्या. ठासून भरलेली गोण गोल राहते आणि दोन गोण्यांमध्ये फट पडते. अर्धवट भरलेली पायानं दाबली की शेजारणीला चिकटून बसते.

भाई या पावसाळ्याच्या तोंडावर गेले. पंचाहत्तरी ओलांडली होती. गोवा मुक्त झाला तेव्हा ते शाळकरी पोर होते. १९६७ साली गोव्यात इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकीतून ते सिव्हिल इंजिनिअर झाले. पुढे सरकारी नोकरी, पाटबंधाऱ्याची, आणि त्यातली बरीच वर्षं साळावली धरणावर. तिथल्या मातीच्या भिंतीखालून येणारा पाझर रोज मोजायचा, त्यात माती येतेय का ते बघायचं, हे काम त्यांनी तरुणपणी केलं होतं. नितळ आणि गढूळ हा प्रश्न तिथून त्यांच्या बरोबर गावात आला. नोकरीबद्दल ते याहून जास्त बोलत नसत, तेव्हा आम्हीही ती इथेच सोडतो. त्यांचं खरं आयुष्य सुट्टीच्या दिवशी सुरू व्हायचं, आणि निवृत्तीनंतर तर रोजच.

गाव कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी. कालवा म्हणतात खरं, पण तो मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांना जोडणारा पाण्याचा नैसर्गिक फाटा. त्यामुळे भरती दोन्ही तोंडांनी आत येते. काठाला खारफुटी, खारफुटीमागे बांध, बांधामागे खाजन. भरतीच्या वेळी बाहेरचं पाणी शेतापेक्षा उंच असतं आणि मधे फक्त मातीचा बांध असतो. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकाऱ्यांनी, म्हणजे गावची जमीन मिळून सांभाळणाऱ्या गावसंस्थांनी, ती समुद्राच्या तोंडातून काढून भाताखाली आणलेली. १५२६ साली पोर्तुगीजांनी गावकाऱ्यांच्या रूढी लिहून काढल्या, तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. दुर्भाटच्या परिसरात पौष अमावास्येला अजून चिखलाची मगर करून पुजतात. बांधावर राबणाऱ्यांना पाण्यातल्या मगरीचा शेजार टळत नाही, म्हणून तिच्याशी नातं जोडून ठेवलेलं.

बांध एकट्यानं काही करत नाही. त्याला दार लागतं, आणि ते दार म्हणजे मानस. चिऱ्याच्या भक्कम भिंतींमध्ये वरून बिजागरीला टांगलेली लाकडी दारं, खाडीच्या बाजूला उघडणारी. भरती चढली की बाहेरचं पाणी दाराला आत दाबतं, दार चौकटीवर बसतं आणि खारं पाणी बाहेर अडतं. सुकती लागली, बाहेरची पातळी आतल्याहून खाली गेली, की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. माणूस नाही, वीज नाही, मोटर नाही. दिवसातून दोनदा दार आपोआप उघडतं आणि दोनदा मिटतं. कितीशे वर्षं!

भाई शाळेतल्या पोरांना मानशीवर घेऊन जात आणि दाराचा हिशेब करून दाखवत. पाण्यात बुडालेलं एक मीटर रुंद, एक मीटर उंच दार घ्या. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा फक्त १० सेंटिमीटर उंच असलं तरी दारावर १०० किलोचा जोर पडतो. म्हणून मधे काही आलं नाही तर दार स्वतःच गच्च बसतं. आणि मधे काही आलं तर? माडाची पिशी, नारळाच्या सोडणाचा तुकडा, हल्ली बहुतेक वेळा प्लास्टिकची बाटली. दाराखाली २ सेंटिमीटरची फट राहिली, बाहेरचं पाणी सरासरी अर्धा मीटर उंच असलं, तर त्या फटीतून सेकंदाला ३५ लिटरच्या वर पाणी येतं. चार तासांच्या भरतीत ते पाच लाख लिटर होतं. एक हेक्टर शेतावर ५ सेंटिमीटर खारं पाणी, एका रात्रीत, एका बाटलीमुळे. पोरं पुन्हा पुन्हा गुणाकार करून बघायची. त्यानंतर खाडीत बाटली फेकणाऱ्या मोठ्या माणसाला हटकायला ती भीत नसत.

मानशीजवळ त्यांनी दोन पट्ट्या लावल्या, एक बाहेर खाडीच्या बाजूला, एक आत पोंयीत, म्हणजे मानशीमागे साठणाऱ्या पाण्यात. दगडाच्या खांबावर तैलरंगानं सेंटिमीटरच्या खुणा. दोन्ही पट्ट्यांचं शून्य एकाच पातळीला असणं महत्त्वाचं. मधे बांध आडवा, तेव्हा ते जुळवायचं कसं? गवंड्यांच्या पारदर्शक नळीनं. त्या नळीत पाणी भरण्याचीही त्यांची पद्धत होती. बादली उंचावर ठेवायची, नळीचं एक टोक तिच्यात बुडवायचं, दुसऱ्या टोकानं ओढून पाणी सावकाश वाहू द्यायचं आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत वाहू द्यायचं. नळीत एक बुडबुडा राहिला तर पातळी बोटभर चुकते. नळी दुमडलेली नको, आणि खूण करताना दोन्ही टोकं उघडी हवीत. सांडू नये म्हणून एका टोकावर अंगठा ठेवून माणूस उभा राहतो, आणि तिथंच घात होतो. अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत असली तरी फरक पडतो, म्हणून हे काम सकाळी सातला. शेवटी टोकांची अदलाबदल करून पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळा तेच आलं तर खूण पक्की.

मग रोजची नोंद. तारीख, तिथी, वेळ, बाहेरची पट्टी, आतली पट्टी, दाराची स्थिती. यातून दाराचा आजार दिसतो. भरतीला दार मिटलेलं असताना, पाऊस नसतानाही आतली पट्टी चढत असेल तर दार गळतंय. सुकतीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा बरंच खाली गेलं तरी आतलं उतरत नसेल तर दार अडकलंय किंवा तोंडाशी गाळ साचलाय. पाण्यात न उतरता, बांधावर उभं राहून, दोन आकडे वाचून हे कळतं. सहावी-सातवीची मुलंसुद्धा ही नोंद करत, आणि भाई त्यांच्या आकड्यांवर शंका घेत नसत. आकडा विचित्र वाटला तर "चल, परत बघूया" म्हणून मुलाला बरोबर घेऊन जात. पुष्कळदा मुलाचा आकडाच बरोबर निघे.

भरतीची वेळ काढायला ते छापील कोष्टक बघत, पण मुलांना शिकवत ते आजोबांचं गणित. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा. हे किनाऱ्यावरचं. आत कालव्यात भरती उशिरा पोचते, आणि दोन तोंडांनी येत असल्यानं तो उशीर जागोजागी वेगळा. आपल्या मानशीवर तो किती, हे वहीतल्या नोंदींवरूनच काढायचं, ऐकीव गोष्टीवर नाही.

दुरुस्तीची वेळ निवडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. पुनवे-अवसेच्या सुमाराला उधाण असतं. भरती खूप चढते आणि सुकतीही खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग. भरती कमी चढते, सुकतीही कमी उतरते. मानशीचा पाया, बांधाचा पायथा, दाराचा खालचा कोपरा डोळ्यांनी बघायचा असेल तर उधाणाची सुकती हवी, कारण तेव्हाच तो उघडा पडतो. पण काम तेव्हा हातात घेतलं तर सहा तासांनी महिन्यातली सगळ्यात मोठी भरती अर्धवट कामावर चढून येते. म्हणून बघायचं उधाणाला, मापं घ्यायची, लाकूड कापून, बोल्ट आणून तयारी करायची, आणि काम करायचं पुढच्या भांगाला. मधे सात-आठ दिवस मिळतात. कंत्राटदार हा फरक पाळत नाहीत, त्यांना बिलाची तारीख असते. इथली कितीतरी दुरुस्तीची कामं एका वर्षात उखडतात त्याचं मोठं कारण हे आहे, असं आमचं ठाम मत आहे.

बांधाची माती हा भाईंचा आणखी एक हळवा विषय. बांध खचला की लोक त्याच्याच पायथ्याची माती उकरून वर टाकतात. जवळ असते, घमेलं वाहावं लागत नाही. पण पायथा खणला की बांधाचा पाय कापला गेला. पाच मीटरच्या आत फावडं लावायचं नाही, हा त्यांचा नियम. जुन्या बांधावर नवी माती नुसती ओतली तर पहिल्या मोठ्या पावसात ती साय उतरावी तशी घसरते. आधी जुन्या उतारावर वीतभर रुंद पायऱ्या खणायच्या, मग वीत-वीत जाडीचे थर टाकायचे, प्रत्येक थर पायांनी तुडवायचा. मातीचा गोळा वळून बघायचा. फुटला तर कोरडी, हाताला चिकटून राहिला तर जास्त ओली. मातीत पेंढा मिसळायचा. कुर्ल्यांची बिळं वरून माती लोटून भरत नाहीत. बीळ जिथवर जातं तिथवर खणून काढायचं आणि चिखल ठोकून बसवायचा. खारफुटी बांधासमोर हवी, लाटेचा मार ती झेलते. पण बांधाच्या अंगात किंवा मानशीच्या चिऱ्यात उगवलेलं रोप लहान असतानाच काढायचं. पुढे त्याची मुळं सांधा उकलतात.

स्वतः सिव्हिल इंजिनिअर असून काँक्रीटच्या बांधभिंतीला ते सहजासहजी होकार देत नसत. खाडीकाठची जमीन म्हणजे खोलवर मऊ चिखल. त्यावर जड भिंत घातली की ती बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. सांधे उघडतात, पाणी भिंतीखालून वाट काढतं. भिंत वरून धडधाकट दिसते आणि मागचं शेत खारं होत जातं. मातीचा बांध बसला तर दोन घमेली माती टाकून दुरुस्त होतो. त्याला दर वर्षी हात लावावा लागतो, आणि तेवढंच नेमकं कुणाला नको असतं.

खांड पडलीच तर तिला बांधणं हा फार कठीण प्रकार. बघणाऱ्याला वाटतं, दोन्ही बाजूंनी माती टाकत यायचं आणि मधे जुळवायचं. तसं केलं की मधली वाट अरुंद होत जाते, पाण्याचा वेग वाढतो, तळ खरवडून निघतो, आणि शेवटच्या दोन मीटरना जितकी माती घालाल तितकी वाहून जाते. भाई आधी दोन्ही तुटलेली टोकं गोण्यांनी आणि चुडतांनी, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी, बांधून घेत, म्हणजे खांड आणखी रुंदावत नाही. मग माडाच्या खोडांचे खांब दोन ओळींत ठोकायचे, ओळींना आतून चुडतांची चटई लावायची. आणि भरायला सुरुवात तळापासून, पूर्ण रुंदीत, थरावर थर, एकदम एका बाजूनं पुढं न सरकता. तळ आधी गोण्यांनी झाकला की तो खरवडला जात नाही. शेवटचा थर भांगाच्या सुकतीला, जेव्हा दोन्ही बाजूंचं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात गावातले साठ-सत्तर हात लागतात, देवळाकडचे आणि इगर्जीकडचे, म्हणजे चर्चकडचेही. त्या वेळी ओरडून सांगणारा माणूस एकच असावा लागतो. भाईंचा आवाज मोठा नव्हता. पण ते कमरेएवढ्या पाण्यात उभे असत, म्हणून सगळे ऐकत.

एके काळी हे सगळं गावकारीचं काम होतं, म्हणजे पोर्तुगीज नावानं कोमुनिदादचं. बांध कुणी बघायचा, खर्च कुठून करायचा, कुणी किती राबायचं, सगळं ठरलेलं. १९६४ साली कूळ कायदा आला, कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण जमीन तुकड्यातुकड्यांनी कुळांकडे गेली, बांध मात्र सगळ्यांचा मिळून एकच राहिला. १९७५च्या नियमांनी बांधाची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली. संघटना कागदावर असणं वेगळं आणि श्रावणातल्या पावसात बांधावर माणूस असणं वेगळं. शेत पडीक ठेवणाऱ्याला बांधाची पर्वा कशाला असेल? या पोकळीत भाईंसारखी माणसं उभी राहिली म्हणून काही गावांतली खाजनं अजून हिरवी आहेत. हे काम एका माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवणं बरं नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

मानशीच्या लिलावाचा वाद तर गावोगावचा. सुकतीला पाणी बाहेर पडतं तेव्हा मानशीच्या तोंडाशी जाळं लावून कोळंबी आणि मासळी धरण्याचा हक्क लिलावात जातो. घेणारा पैसे मोजतो, त्याला मासळी हवी, आणि खारं पाणी जितकं आत येईल तितकी मासळी जास्त. म्हणून रात्री दाराला पाचर मारून ठेवणं चालतं. भाईंनी कुणालाही चोर म्हटलं नाही. त्यांनी जाळ्याच्या चौकटीसाठी भिंतीत वेगळी खाच पाडून दिली, म्हणजे जाळं लावायला दाराला हात लावायची गरज उरली नाही. आणि लिलावाच्या अटीत दोन ओळी घालायला लावल्या. भात उभं असेपर्यंत दार भरतीला उघडं ठेवायचं नाही, आणि आतली पट्टी अमुक खुणेच्या वर गेली तर अनामत जाईल. पट्टी सगळ्यांना दिसत होती, त्यामुळे भांडण आकड्यावर आलं आणि मिटायला लागलं.

दारांची निगा ते स्वतः करत. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा फळीच्या आत राहतो. बाहेरून टाचणीएवढं भोक, आत सगळी चाळण. म्हणून फळी डोळ्यांनी बघायची नाही, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा. भरीव फळी टण्ण बोलते, पोखरलेली पोकळ. बिजागरीचे बोल्ट सगळ्यात लवकर सडतात ते सतत बुडालेल्या जागी नाही, तर जिथे पाणी येतं-जातं त्या पट्ट्यात, कारण तिथे मीठही आहे आणि हवाही. साध्या लोखंडाच्या बिजागरीला स्टेनलेस बोल्ट लावला तर बोल्ट राहतो आणि बिजागरी खाल्ली जाते. दोन्ही एकाच धातूचे हवेत. दाराच्या कडेला ट्रकच्या जुन्या ट्यूबची तीन बोटं रुंद पट्टी, चपट्या डोक्याच्या खिळ्यांनी, अशी मारायची की पाण्याचा दाब तिला चौकटीवर दाबेल. उलट मारली तर तीच पट्टी दाब आला की वळते आणि दार उघडं धरते.

खारं पाणी शिरलंच तर शेत मेलं असं ते मानत नसत. पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी शेतात साठवायचं, दोन-तीन दिवस राहू द्यायचं, मीठ त्यात विरघळलं की सुकतीला मानशीतून सोडून द्यायचं. असं तीन-चार वेळा. मग मोड आलेलं कोरगुटाचं बी. कोरगूट ही खाजनातली जुनी भाताची जात, खारटपणा सोसणारी. इतर भात जिथे पिवळं पडतं तिथे ते उभं राहतं. उतारा कमी, पण पेजेला त्याच्यासारखं दुसरं नाही, हे आम्ही आवडीनं सांगतो.

बांधाबाहेरचीही पुष्कळ कामं होती. गावातल्या विहिरींचं पाणी ते पावसाळ्यात औषध घालून शुद्ध करत, आणि तिथेही हिशेब. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. लोक पुडा फोडून वरून टाकतात. त्यातला चुना तळाला बसतो, पाण्याला वास येतो, आणि मग घरातली माणसं ते पाणी पिणंच सोडतात. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची, दहा मिनिटं ठेवायची, चुना खाली बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, आणि ती बादली दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवायची. निदान एक तास पाणी उपसायचं नाही. शक्यतो संध्याकाळी, म्हणजे रात्रभर मुरतं आणि ऊनही लागत नाही. आपल्या दमट हवेत उघडा पुडा महिन्याभरात कमजोर होतो, म्हणून लहान पुडे घ्यायचे.

जत्रेच्या रोषणाईआधी देवळाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणं हेही त्यांचंच. आपली चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी होते की जमिनीत पुरलेली पट्टी असून नसल्यासारखी; खड्ड्यात मीठ-कोळसा घालून, वर नळीतून दर आठवड्याला दोन घागरी पाणी, तेव्हा ती काम करते. वाचनालयाचं छप्पर, शाळेची टाकी, नाटकाच्या रंगमंचाचे आडवे वासे, यादी लांबत जाईल.

त्यांच्या वह्या बत्तीस आहेत. शाळकरी, दोनशे पानी, मागच्या पानावर त्या वर्षी वापरलेल्या बोल्टांची मापं. गेली काही वर्षं गुडघे साथ देत नव्हते, तेव्हा त्यांनी मानशीजवळच्या घरातल्या एका मुलीला वही दिली आणि स्वतः खुर्ची टाकून बांधावर बसू लागले. ती पट्टी वाचे, हे ऐकत. चूक झाली तरी लगेच सांगत नसत, पुढची सुकती येऊ देत. बोल्ट काढायचा पाना, तेलाचं डबडं आणि ती पारदर्शक नळी देवळाच्या सामानाच्या खोलीत, दाराच्या डाव्या खुंटीला टांगलेली आहे. नळी वापरून झाली की पाणी काढून, गुंडाळी सैल ठेवून टांगायची, हे खुंटीवरच लिहिलंय.

शेवटच्या वहीत भाईंच्या अक्षरातली शेवटची ओळ अशी: "दुसरे दार, वरची डावी बिजागरी, बोल्ट झिजला. अष्टमीला बदलणे." तिच्याखाली वेगळ्या अक्षरात, पुढच्या अष्टमीची तारीख घालून लिहिलंय: "बदलला. ट्यूबची पट्टीही नवी मारली. भरतीत आतली पट्टी हलली नाही."